लारनाकाहून कोल्हापूरला यायची वाट

सुगराबी मणेरीण बांगड्या भरायला आली की आधी समोरच्या बाईचा हात हातात घेऊन नुसता दाबत बसायची. हाड कुठं टोचतं, अंगठा किती दुमडतो, हे तिला बांगडी सरकवण्याआधी कळायला लागे. तेवढा वेळ ती बोलत नसे आणि आपणही बोलायचं नाही. मग एकदम लक्षात यायचं की बांगडी मनगटावर गेली. तिच्या हातून भरताना बांगडी वाढली, म्हणजे फुटली, असं आमच्या घरात कधी झालं नव्हतं.

बाबूजमाल दर्ग्याच्या मागच्या बोळात तिची एक खोली होती, पुढं पडवी. नवरा तरुणपणीच गेलेला. मुलगी नजीरा जयसिंगपूरला दिलेली. जावई रशीद तिथं शिंपीकाम करायचा. मुलगा ख्वाजा लढाईच्या दिवसांत पलटणीच्या खेचरांवर नोकरीला लागला, समुद्रापलीकडं गेला आणि तिकडंच वारला. पेठेत हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी तिला त्याबद्दल विचारत नसे.

मी तेव्हा मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होते. लग्न केलेलं नव्हतं. थोरला भाऊ त्र्यंबक कोर्टात कामाला होता, त्याच्याच बिऱ्हाडात मी राहायची. संस्थान विलीन झालं त्या वर्षीच्या श्रावणात सुगराबी आम्हांला हिरव्या बांगड्या भरायला आली. वहिनीचं झालं. माझा हात तिनं धरला, दाबला, आणि तसाच धरून ठेवला.

"बाई, तुम्ही पोरींस्नी देश-मुलूख शिकवतासा न्हवं?"

"हो."

"मग सायप्रस कुठं हाय, दावता का मला?"

मी आतून नकाशांचं पुस्तक आणलं. भूमध्य समुद्राच्या उजव्या कोपऱ्यात, तुर्कस्तानच्या पोटाखाली ते बेट होतं. वाळत घातलेल्या कातड्यासारखं, एका बाजूला शेपूट निघालेलं. सुगराबीनं तर्जनी त्यावर टेकवली. सगळं बेट बोटाखाली झाकून गेलं.

"एवढ्याशा जागेत हाय व्हय माझा ख्वाजा?" ती म्हणाली. "आमचा मौलवी कुबरुस म्हणतो त्याला. नावातच कबर हाय की वो."

बोट तिनं बराच वेळ उचललं नाही. वहिनी उठून आत गेली. मग सुगराबीनं विचारलं, "तिकडं जायचं झालं तर कसं जायचं असतं?"

खरं सांगायचं तर मला हुरूप आला. मी जगाचे नकाशे शिकवत होते आणि स्वतः पुण्याच्या पुढं गेले नव्हते. हजला बायका जातात, मग सायप्रसला का नाही, असा माझा हिशेब. मुंबईच्या एका आगबोटींच्या कचेरीला मी इंग्रजीत पत्र घातलं. उत्तराबरोबर एक निळ्या कव्हराचं चोपडं आलं. त्या बेटावर हवापालटाला जाणाऱ्या साहेबलोकांसाठी केलेलं ते माहितीपत्रक होतं.

मी ते सुगराबीला वाचून दाखवू लागले. शाळेतून आले की ती पडवीत बसलेली असायची, बांगड्यांचं गाठोडं मांडीशी. मी एकेक वाक्य मराठीत सांगायची. मुंबईहून आगबोटीनं पोर्ट सैद. तिथून लहान बोट मिळते, ती लिमासोल किंवा लारनाका बंदराला लागते. मोठ्या बोटीला धक्क्यापर्यंत येता येत नाही, उतारूंनी होडीतून काठावर जावं. उन्हाळ्यात काळा चष्मा असावा. दुपारच्या वेळी दुकानं बंद असतात, तेव्हा खरेदी सकाळी उरकावी. फुलं पाहायची असतील तर मार्चमध्ये जावं. डोंगरातल्या मठांकडं जायला खेचरं भाड्यानं मिळतात.

"खेचरं," सुगराबी म्हणाली. "अजून हाईत म्हणायची."

मी पुढं वाचलं. मच्छरदाणी जवळ ठेवावी. पाणी उकळूनच प्यावं.

मी मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, रडूही नव्हतं. एखादा अवघड हात दाबून बघताना ती दिसायची तशी दिसत होती.

"माझं पोरगं तापानं गेलं," ती म्हणाली. "पोटाचा ताप. त्याला कुणी सांगितलं असंल का हो, पानी उकळून पी म्हणून?"

मी पुस्तक मिटलं. त्यानंतर बरेच दिवस ते उघडायचं मला धाडस झालं नाही. उघडलं ते तिनंच मागितलं म्हणून. सगळं ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "हे साहेबांच्या पायाचं झालं. मला पायी चालल्याला मानूस पायजे. कोडोलीला जोतीराम हाय. तुम्ही बी चला. तो सांगंल ते नकाशावर घाला."

जोतीराम आणि ख्वाजा एकाच तुकडीत होते. लढाई संपल्यावर ख्वाजाचा जर्मनचा, म्हणजे अॅल्युमिनियमचा, मग आणि एक लोकरी बनियन घेऊन तोच सुगराबीकडं आला होता. सुट्टी बघून आम्ही दोघी बसनं कोडोलीला गेलो. त्याचं गुऱ्हाळ चालू होतं. धिप्पाड माणूस, मिशा पिकायला लागलेल्या. आम्हांला बघून कामावरच्या माणसांवर ओरडतच आला, "पावणं आल्यात, रस आना की लेकांनो!" आम्हांला आंब्याखाली घोंगडं टाकून दिलं.

मी नकाशा पसरला. जोतीरामनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. जमिनीवर काटकीनं रेघा मारत तो सांगायला लागला. लारनाका गावाच्या बाहेर मिठाचं मोठं तळं आहे. उन्हाळ्यात ते आटून पांढरं पडतं, चुन्याच्या जमिनीसारखं. हिवाळ्यात पाणी भरलं की लांब पायांचे गुलाबी पक्षी येतात. तळ्याच्या काठाला एका बीबींचा दर्गा, बाजूला सुरूसारखी उंच झाडं. त्या बीबी पैगंबरांच्या नात्यातल्या. खेचरावरून पडल्या आणि तिथंच गेल्या, असं लोक सांगतात. "ख्वाजा हसायचा," जोतीराम म्हणाला. "म्हनायचा, बीबी बी आपल्याच खात्यातली हाय." दर्ग्याच्या अंगणातून दिसेल अशा जागी त्यांनी ख्वाजाला पुरला होता.

"चाची, आता ऐका," तो म्हणाला. "बंदरात उतरलं की सरळ..."

"उलटं सांग," सुगराबी म्हणाली.

"काय?"

"कबरीपासनं सुरू कर. तिथनं बंदराला कसं यायचं ते सांग."

जोतीरामनं काटकी थांबवली. "चाची, जानार कोण हाय? तुम्ही न्हवं?"

"जानार कुनी न्हाय. येनार हाय."

गुऱ्हाळावर कुणीतरी बैलांना हाकत होतं. तो आवाज तेवढा येत राहिला. सुगराबी अगदी साध्या आवाजात सांगू लागली, जशी बाजारातली गोष्ट सांगावी. ख्वाजा स्वप्नात येतो. रोज नाही. तळ्याच्या कडेला उभा असतो, अंगात खाकी, बूट मिठानं पांढरे झालेले. 'अम्मा, रस्ता किदर है?' एवढंच विचारतो. "मी काय सांगू? मला पन्हाळ्याचा रस्ता ठावं, जयसिंगपूरचा ठावं. तो तिथं तसाच उभा ऱ्हातो बघा. तोंडाकडं बघवत न्हाय. पलटणीनं नेला तवा रांगेत नेला, रातीच्या गाडीत घालून नेला. त्याला वाट कुनी दावलीच न्हाय."

मी जोतीरामकडं पाहिलं. तो आता हसेल, किंवा तिला समजावेल, असं मला वाटलं. त्यानं काटकीनं मारलेल्या सगळ्या रेघा तळहातानं पुसून टाकल्या आणि नव्यानं सुरुवात केली, फार सावकाश.

"कबरीवरनं उठलास की दर्ग्याचा मिनार पाठीशी धर," तो म्हणाला. आता तो सुगराबीला 'चाची' म्हणत नव्हता. ख्वाजाशीच बोलल्यासारखं 'लेका' म्हणत होता. "तळं डाव्या हाताला ठेव. थोडं चाललास की समुद्र दिसंल, तो उजव्या हाताला. दोन्ही पान्याच्या मधनं जायचं, घाबरायचं न्हाय. शेंगांच्या वखारी लागतील, आपून खेचरांस्नी घालायचो त्या शेंगा. त्यांच्या म्होरं लाकडी धक्का..."

सुगराबी ओठांतल्या ओठांत प्रत्येक वाक्य परत म्हणत होती. मी नकाशावर पेन्सिल धरून बसले होते आणि माझ्या लक्षात आलं की मी एकही रेघ मारलेली नाही.

घरी आल्यावर मी त्र्यंबकला सांगितलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, "मीने, तू भूगोल शिकव. भुतं शिकवू नकोस."

पण धक्क्यापासून पुढची वाट सांगायला मीच होते. जोतीरामला पलटणीनं बोटीच्या तळघरात घालून आणलेलं. समुद्रावरचं त्याला काही ठाऊक नव्हतं. मी चोपड्यातून आणि नकाशातून सांगायची, सुगराबी पाठ करायची. होडीतून बोटीत. बोट पोर्ट सैदला. मोठी आगबोट बदलायची. कालवा, मग तांबडा समुद्र, एडन, मुंबई. बोरीबंदर, पुणे, तिथं गाडी बदल. मिरजेला परत बदल. मग जयसिंगपूर, हातकणंगले, कोल्हापूर. स्टेशनातून बाहेर आल्यावरचं मात्र ती मला सांगू द्यायची नाही. "तिथनं त्याला ठावं हाय," म्हणायची.

पहिल्यांदा ती येऊन म्हणाली, "चालायला लागला," तेव्हा मी तिला बसायला सांगायचंही विसरले. पाठीशी मिनार धरून तो निघाला होता. पुढं वर्षं गेली. स्वप्नं काही मागणीप्रमाणं पडत नव्हती, आणि तो मुळातच भित्रा. धक्क्यावर तर तो फार काळ बसून राहिला, कारण होडीवाला त्याच्याकडं बघायचाच नाही. सुगराबी यायची, वहिनीला बांगड्या भरायची आणि जाताजाता मला सांगायची, "अजून तिथंच." मी मान हलवायची. कधीतरी त्या मान हलवण्यातला खोटेपणा गेला. एकदा वर्गात फळ्यावर भूमध्य समुद्र काढताना माझा खडू सायप्रसवरून निघून पोर्ट सैदकडं गेला आणि तिथून कालव्यात उतरला. मुली विचारू लागल्या, "बाई, ही नदी कुठली?" मी ती रेघ पुसली आणि हात धुवायला बाहेर गेले.

शेवटी तो होडीत बसला, कसा ते सुगराबीनं सांगितलं नाही. आणि मग छप्पन साली, दिवाळीच्या सुमाराला, ती सकाळीच दारात उभी राहिली. गाठोडं नव्हतं.

"बाई, पोरगं अडकलंय. म्होरं पानीच बंद हाय म्हणतो. पेटीवर बसलाय बंदरात."

त्र्यंबक आत पेपर वाचत होता. तो बाहेर आला, एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघितलं आणि पेपर माझ्या हातात देऊन आत गेला. सुएझच्या कालव्यात जहाजं बुडवून वाट बंद केल्याची बातमी होती. रेडिओ गंगावेशीच्या हॉटेलातही होता, बाजारात सगळे तेच बोलत असणार, आणि सुगराबी सगळ्या बाजारभर हिंडणारी बाई. हे मी स्वतःला त्या दिवसभर सांगत होते.

मी तिला दुसरी वाट दाखवली. आफ्रिकेला संपूर्ण वळसा घालून. तिनं ती बोटानं चालून पाहिली आणि मान हलवली. "एवढं पानी बघून भिईल त्यो. थांबू दे तिथंच. थंडी असती का वो तिथं?"

"असते थोडी."

"लोकरीचं बनियन तर हिकडंच आलं," ती म्हणाली.

त्या हिवाळ्यात ती खंगली. मला पेपर वाचायची सवय लागली होती. कालवा उपसायला कुठून बोटी आल्या, किती जहाजं काढली, मी आधी तेच शोधायची. पुढच्या वर्षी चैत्रात कालवा खुला झाला. मी तिला सांगायला तिच्या बोळात गेले, तर ती उंबऱ्यातच होती. "निघाला," ती म्हणाली. मी सांगायच्या आधी.

नंतर सगळं फार भरभर झालं. एडन. मुंबई. वैशाखात एका सकाळी ती आली नाही, निरोप आला. मी गेले. खोली सारवलेली होती. चुलीवर दुसरी भाकरी टाकलेली. सुगराबीच्या डोक्यावर नवा पदर होता आणि ती मला बघून लाजल्यासारखी हसली.

"आला की वो."

भिंतीशी एक पाट मांडला होता. पाटावर कुणी नव्हतं. मी हसले आणि म्हणाले, "दमला असेल." ती म्हणाली, "व्हय, बोलत न्हाय अजून." मला तिनं तांब्यात पाणी दिलं. मी एक घोट घेतला. त्या बोळातल्या आडाचं पाणी मचूळ आहे हे मला माहीत होतं. पण हे मचूळ नव्हतं, खारट होतं. मी तो घोट गिळला आणि उरलेलं तांब्यात तसंच ठेवलं.

आनंद महिनाभर टिकला असेल. मग तिच्या हातून बांगड्या वाढायला लागल्या. पहिल्यांदा वहिनीच्याच हातावर. हात दाबून, अंगठा दुमडून, सगळं नेहमीसारखं करून तिनं बांगडी सरकवली आणि ती कटकन तुटली. दुसरी घेतली, तीही. सुगराबीनं तुकडे गोळा केले आणि उठली. पेठेत हे पसरायला वेळ लागला नाही. नव्या नवरीला तिच्याकडून कुणी भरून घेईना. नजीरा लेकरांना घेऊन आली होती, ती दुसऱ्याच दिवशी परत गेली. जाताना मला म्हणाली, "बाई, अम्माच्या घरात गार लागतंय. उन्हाळ्यात गार लागतंय. लेकरू त्या पाटाकडं बघून रडतंय."

सुगराबी स्वतः एके दिवशी म्हणाली, "बसत न्हाय नीट. निजत न्हाय. म्हनते, बूट तरी काढ लेका. तर काढत बी न्हाय. खाल्ल्यालं तसंच ऱ्हातं. मी काय चुकले का वो वाट सांगताना?"

मला कोडोलीशिवाय दुसरं कुणी सुचलं नाही. मी जोतीरामला कार्ड टाकलं. तो शनिवारी दुपारच्या बसनं आला. मी बोळाच्या तोंडाशी थांबले होते. तो वाटेत मोठमोठ्यानं पावसापाण्याचं बोलत होता, पण सुगराबीच्या पडवीत पाय टाकला आणि गप्प झाला. आत गेला. मी उंबऱ्यावरून बघत होते. पाटासमोर तो उकिडवा बसला, गुडघ्यांवर हात ठेवून. मग म्हणाला, "काय रं ख्वाजा. वाळलास की."

कुणी काही सांगत असल्यासारखा मधूनच मान हलवत होता. बाहेर आला तेव्हा त्याच्या मिशांवर घाम होता.

"दिसला?" मी विचारलं.

"बाई, मला इचारू नका," तो म्हणाला. "बूट घालून बसल्यालं मानूस मी लई बघितल्यात. रजेवर आल्यालं गडी असंच बसत्यात. घरात असत्यात आन् नसत्यात." मग तो सुगराबीकडं वळला. "चाची, त्यो ऱ्हायला आला न्हाय. रजेवर आलाय. तिकडं त्याची मानसं झाल्यात. आमचं तिथं पाच गडी मातीत हाईत. त्यांच्यातला हाय त्यो आता. तुमास्नी भेटायचं ऱ्हायलं हुतं म्हणून आला. रजा संपली म्हणून सांगायचं त्याच्या तोंडातनं निघंना."

सुगराबी त्याच्यावर धावून गेली. मी तिला कधी मोठ्यानं बोललेलं ऐकलं नव्हतं. "माझं घर हाय हे! त्याचं घर हाय! इतकी वर्सं मी वाट सांगितली ती परत धाडायला?" तिनं जोतीरामच्या छातीवर दोन्ही हातांनी मारलं. तो हलला नाही. तिचे हात थांबेपर्यंत उभा राहिला. तिच्या मनगटात स्वतःच्या बांगड्या नव्हत्याच, नवरा गेल्यापासून नव्हत्या.

मग ती आत गेली आणि दार लोटून घेतलं. आम्ही पडवीत बसून राहिलो. आतून पहिल्यांदा रडं ऐकू आलं, नंतर भांड्यांचा आवाज, नंतर तव्याचा वास. तिनं दार उघडलं तेव्हा हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी होत्या, वर लसणाची चटणी आणि ते लोकरी बनियन.

"सांजच्या गाडीनं जाऊ दे त्याला," ती म्हणाली. "उजेड हाय तवर जाऊ दे."

आम्ही तिघं स्टेशनवर चालत गेलो. सुगराबी थोडं पुढं, एक माणूस शेजारी चालावा एवढी जागा सोडून. रस्त्यात ओळखीचे लोक भेटले, कुणी काही विचारलं नाही. मिरजेची गाडी लागलेली होती. लग्नसराईची गर्दी, दारांत माणसं लोंबत होती, फलाटावर ट्रंका. एका डब्यात खिडकीजवळची जागा रिकामी होती. बायका पोरांना कडेवर घेऊन उभ्या होत्या, एक म्हातारा खाली बसला होता, पण त्या जागेवर कुणी बसत नव्हतं. कुणी तिच्याकडं बघतही नव्हतं. सुगराबीनं भाकरींचं फडकं आणि बनियन गजांतून आत ठेवलं आणि गज धरून उभी राहिली.

ती त्याला वाट सांगत होती. मिरजेला बदल. पुण्याला बदल. पोर्ट सैदला लहान बोट. मी ऐकत होते, एकही गाव चुकलं नाही. शेवटी ती म्हणाली, "धक्क्यावर उतरलास की समुद्र डाव्या हाताला ठेव, तळं उजव्या हाताला. मिनार म्होरं दिसंल. तिथं सगळी हाईत तुझी. पानी उकळून पी."

गाडी हलली. ती गज धरून चालत राहिली, मग जोतीरामनं तिचा हात सोडवला. आम्ही फलाटावर उभे असताना त्यानं टाचा जुळवल्या आणि सलाम केला. हमाल बघत होते. मी समोरून जाणाऱ्या एकेका खिडकीकडं बघत राहिले आणि शेवटचा डबा गेल्यावरही माझी मान वळेना.

त्यानंतर तिच्या हातून बांगडी वाढली नाही. बायका हळूहळू परत आल्या. घर गार लागायचं थांबलं. मी मुद्दाम जाऊन तिच्याकडचं पाणी प्याले, ते नेहमीसारखं मचूळ होतं. स्वप्न मात्र बंद झालं, पूर्णच. "तोंड इसरायला लागले मी त्याचं," ती एकदा म्हणाली. "आधी इचारायला तरी यायचा." मी तिला नकाशा दाखवू का विचारलं. नको म्हणाली.

एकोणसाठच्या पावसाळ्यानंतर तिच्या डोळ्यांना कमी दिसू लागलं, तेव्हा नजीरा तिला जयसिंगपूरला घेऊन गेली. माघात ती वारली. मला कळलं ते दोन आठवड्यांनी, नजीरा अम्माचं उरलेलं सामान न्यायला आली तेव्हा. मी तिला घरात बोलावलं. वहिनीनं चहा केला. नजीरा कपबशी हातात धरून बसली, प्याली नाही.

"शेवटचे दोन दिवस बोलत हुती," ती म्हणाली. "मला वाटलं, ख्वाजाभाईला बोलवंल. एकदा बी नाव घेतलं न्हाय. तिच्या अम्माला हाक मारत हुती. माझी नानी, मी तिला बघितली बी न्हाय. लहान पोरीगत हाक मारायची आन् इचारायची, अम्मा, रस्ता किदर है? मी म्हनायची, कुठला रस्ता अम्मा, कुठं जायचंय? तर माझ्याकडं बघायची बी न्हाय. परत तेच."

तिनं कपबशी खाली ठेवली.

"मला काय सांगता येईना बाई. रशीदला बी येईना. मनात यायचं, तुम्ही असता तर वाट सांगितली असतीसा."

ओसरीवरून त्र्यंबकच्या पेपराचा आवाज येत होता, तो थांबला. नजीरा गेल्यावर मी कपबशी उचलली, विसळली आणि शाळेची वेळ झाली होती म्हणून शाळेत गेले. पाचवीला त्या दिवशी दिशा शिकवायच्या होत्या.